अठरा तास

ग्रिम्सबीला समुद्राकडून वारा सुटला की
आमच्या गल्लीत दारांच्या टपालफटी वाजतात.
तसंच काहीतरी वाजलं, म्हणाली डोरीन पिकर्सगिल,
रात्री तीनला. खाली आले तर बैठकीत उजेड.
चोर नव्हता.
कॉम्प्युटर आपणहून जागा होऊन सांगत होता:
अपडेट तयार आहे.

"चार रात्री झाल्या. हाकलून दे त्याला,"
तिनं माझ्या कपात दूध ओतलं, नको म्हणत असताना.

सेटिंग उघडलं. सूचना बंद केल्या,
यंत्राला झोपेतून उठवणारी
एक बारीकशी खूण पुसली.
मग आला प्रश्न:
तुम्ही कोणत्या वेळात जागे असता?

"कधी नसते, ते विचार.
दोनला गुडघा उठवतो, पाचला सीगल."
मी चोवीस तास भरले. घेईना.
माणसाला अठराच चालतात म्हणे,
उरलेले सहा त्याचे.

बरीच घासाघीस झाली.
शेवटी तिनं दुपार देऊन टाकली, बारा ते सहा.
"तेव्हा मी खुर्चीत पेंगते," आणि लगेच,
"झोपत नाही हं. पेंगते. तसं लिही."
तसं लिहायला जागा नव्हती.

रात्री तीनला माझ्याच घरात पडदा उजळला.
मीच उजळला होता.
साताऱ्याला तेव्हा साडेआठ,
कुमुदताई कुंड्यांना पाणी घालून फोनपाशी येते.
डोळे तपासलेस का, विचारते.
बघू, म्हणतो.
उद्या पुन्हा विचारेल,
याच वेळेला.