गेटच की ते

फेब्रुवारी. दिंडोरी रस्ता. टाकी नंबर सात.
शेनिनचा रस आंबतो आहे आणि मी
काचेच्या नळीत त्यातला एक घोट धरून बसले आहे.
स्वेटरवर ॲप्रन, ॲप्रनवर जुने डाग.

यीस्ट. पुस्तकात किण्व.
टाक्या धुणारी पोरं तिला 'इष्ट' म्हणतात,
मलाही आता तेच तोंडात बसलंय.

एका इष्टच्या अंगावर एक साय,
दुधावरच्या सायीहून हजारो पट पातळ,
तरी पॉलिअमाइन तिच्यातून सहजी जात नाहीत.
पुट्रेसिन, नावातच कुजण्याचा वास,
स्पर्मिडिन, स्पर्मिन:
दोन, तीन, चार धन प्रभार अंगावर वागवणारी मंडळी.
नसली तर पेशी वाढत नाही,
फार झाली तर गुदमरते.
मिठासारखं.
नाही, मीठ नको म्हणायला, मीठ चाखून कळतं.

म्हणून सायीत दारं. प्रथिनांची.
काही नुसती आत घेणारी.
काही आणखी आत, रिक्तिकेच्या भिंतीत,
जिथे आंबट पाणी भरून ठेवलेलं;
आंबट कण बाहेर, स्पर्मिन आत,
रोखीचा व्यवहार, उधारी बंद.
आणि एक दार असं
की बाहेर आंबट असलं तर बाहेर ढकलतं,
आंबटपणा उतरला
की तेच आत ओढतं.

हे मी मोतीराम चौरेंना सांगितलं, गेटवरच्या.
ते मोहाडीच्या ट्रॅक्टरची पावती फाडत होते,
साडेतीन टन.
"गेटच की ते," म्हणाले,
"सकाळी द्राक्षं आत, रात्री चोथा बाहेर.
गेट तेच. मीबी तोच."
मग पेनाचं टोपण लावता लावता,
"पण त्याला सांगतं कोण, आता काय करायचं ते?"

कोणी नाही, असं म्हणणार होते.
तेही खरं नाही.
आतून कुणीतरी येतं, दारावर फॉस्फेटची
खूणचिठ्ठी डकवून जातं.
त्याला कोण धाडतं, ते मला नीटसं माहीत नाही.

परवा मी एक ताटली पेरली होती, स्पर्मिन घातलेली.
अर्ध्यात साधी इष्ट,
अर्ध्यात दार काढून टाकलेली.
गेटच्या दिव्याखाली दोघांनी पाहिली:
इकडे साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके,
तिकडे नुसती चकाकी.

"उशिरा येतील," चौरे म्हणाले,
गावाकडच्या कुणाबद्दल बोलावं तसं.

ताटली फेकायची वेळ झाली होती.
मी ती परत तीस अंशांवर ठेवली.
बाहेर चोथ्याचा ट्रक
हॉर्न देत होता.