कोळे

हिरेमठ मॅडम कानडीत म्हणाल्या, कोळे रोग.
मी ऐकलं, कोहळे.
मला वाटलं परड्यातल्या वेलाचं विचारतायत,
म्हटलं, यंदा लावलेच नाहीत.
त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या
आणि नखानं फळावरचा डाग दाखवला.
चहाचा थेंब सांडावा एवढा,
खाली, टोकाशी.

कोळे म्हणजे कुजणं, फिलूनं सांगितलं.
शेजारच्या सोजांची फिलू, बीडीला कानडी शाळेत शिकलेली,
तिला दोन्हीकडचं कळतं.

जांबोटीच्या उताराला आमच्या पोफळी,
पोफळींच्या सावलीत दोनशे दहा कोको.
आधी हे झाडच मला विचित्र वाटायचं.
फळ फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडाला,
जिथून काही फुटेल असं वाटतच नाही तिथं,
गळवासारखं.
आता हाताला सवय झालीय.
पिकलं फळ दगडावर आपटायचं,
पांढरा गर चोखायचा, बी टोपलीत थुंकायची.
पोरांनी किती उष्टावल्या
ते घेणारा विचारत नाही.

थेंबाचा चार दिवसांत तळहात झाला.
आठवड्यात फळ काळं, वर पिठासारखी लव.
मॅडम म्हणतात, ही खरी बुरशीसुद्धा नव्हे,
पाण्यातल्या शेवाळाची लांबची भावकी.
बुंध्याशी एक सडकं फळ, त्यावर पागोळीचा थेंब,
थेंबाची चिळकांडी,
हातभर वर दुसरं फळ.
एवढंच तिचं चालणं.

मोरचूद एका बादलीत, चुना दुसऱ्या.
लोखंडी भांडं नको, बजावलेलं.
भरमाण्णा ओततो, मी ढवळते,
आणि यल्लम्माच्या जत्रेतल्या बांगड्यांचा निळा
पिंपात गरगरत वर येतो.
मग कोयत्याचं पातं बुडवून धरायचं.
त्यावर तांबूस चढलं तर चुना कमी.
पहिल्यांदा चढलं तेव्हा भरमाण्णा म्हणाला,
सोनं लागलं की गं!
मी चुना टाकला.
पुन्हा चढलं. पुन्हा टाकला.
तिसऱ्यांदा पातं नुसतं ओलं निघालं.

काळी फळं तोडून खड्ड्यात.
फिलू मोजत होती, हत्तु, हन्नोंदु, हन्नेरडु,
मी माझ्या भाषेत.
तिची भरली एकशे अकरा, माझी एकशे चौदा.
भरमाण्णा म्हणाला, कानडीत तीन कमीच भरतात.
मी काही बोलले नाही.

तीन माझ्या ओट्यात होती.
पिकायला आलेली, वरून काळी,
मन होईना.
रात्री फोडली. आत बिया
धड, फिकट, दाटीनं बसलेल्या,
बाहेर काय झालंय याचा पत्ता नसल्यासारख्या.
बिया काढून घेतल्या. टरफलं उरली.
परड्यात टाकायची नाहीत, हेही बजावलेलं,
म्हणून चुलीत घातली, ओलीच.

पहाटेपर्यंत धुमसत होती.
गडग्यापलीकडून फिलूनं विचारलं, काय जळतंय गं मावशी?
नखं अजून निळीच होती.
म्हटलं, कोहळे.