तीन नंबरची चावी

ब्लायनाय फेस्टिन्योगला डोंगर आहेत ते पाटीच्या दगडाचे,
खाणीने शंभर वर्षं थुंकलेल्या चुऱ्याचे.
त्यांच्या पायाशी माझं पत्र्याचं गॅरेज,
आत लाल प्यूजो, एकोणनव्वद सालची,
बॉनेट उघडं, आणि बॉनेटखाली काही नाही.
दात काढल्यावर जीभ सारखी तिथंच जाते,
तशी मी दिवसातून चारदा जाऊन त्या पोकळीत डोकवायचे.

मदतीला इद्वाल, माझा एकेकाळचा सासरा.
त्याचा मुलगा कार्डिफला गेला,
हा पान्यांच्या पेटीसकट इथंच राहिला.
त्यावर आम्ही बोलत नाही. बोलतो ते बोल्टांवर.

नवं इंजिन कोर्वेनच्या भंगारातून आणलं,
एका बेकरीच्या व्हॅनचं. नवं म्हणजे
आमच्या मानानं नवं.
व्हॅन बालाच्या वळणावर शेताच्या भिंतीत घुसली,
ड्रायव्हरला खरचटलं, पाव मेंढ्यांनी खाल्ले,
इंजिनाला ओरखडा नाही.
वायरींचा जुडगा सोडवताना
टेपच्या घडीतून पीठ सांडलं.
मी बोट चाटून पाहिलं.
शी, म्हणाला इद्वाल.

एकाच घराण्यातली इंजिनं, त्यामुळे कान जुळले,
पण टर्बो मागच्या पत्र्याला अडे.
रेडिएटर पुढे सारला, एक पट्टी कापली,
ग्राइंडरच्या ठिणग्यांनी स्वेटरला सात भोकं.
तेलाचं भांडं खाली लोंबत होतं.
इद्वाल पाटीचा एक तुकडा घेऊन गाडीखाली सरकला,
आतूनच म्हणाला, बोटभर जागा आहे, पुरे.
चाळीस वर्षं दगड चिरलेल्या माणसाचं बोटभर
म्हणजे बोटभरच.
टाकीत पंप लागतो हे मात्र उशिरा कळलं.
जुनं इंजिन स्वतः ओढून प्यायचं,
ह्याला तोंडाशी आणून द्यावं लागतं.

इथवर सगळं पान्याचं काम.
मग घोडं पेंड खाऊ लागलं.
चावी फिरवली. स्टार्टर फिरला, फिरला, फिरतच राहिला.
डिझेल होतं, हवा होती, बॅटरी भरलेली होती.
नव्हती ती ओळख.
लोण्याच्या डबीएवढा कॉम्प्युटर विचारत होता,
तू कोण?

माझ्या प्यूजोला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.
एकदा तर ती शेजारणीच्या चावीनं सुरू झाली होती,
अर्ध्या रस्त्यात कळलं आम्हा दोघींना.

कोर्वेनला फोन लावला.
चावी? असेल की खिळ्याला,
म्हणाला भंगारवाला, आणि फोन काउंटरवर ठेवून गेला तो गेलाच.
मागे रेडिओ मेंढ्यांचे भाव सांगत होता.

चार दिवसांनी पाकीट आलं.
चावीला प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर आकडा तीन,
आणि खाली बॉलपेनानं, पाळीवर येणाऱ्या पुढच्या ड्रायव्हरसाठी:
क्लच हळू सोड.

चावी फोडली. चिप निघाली तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी.
ती स्टिअरिंगच्या खाली, कुलपाच्या कड्यालगत,
काळ्या टेपनं चिकटवली, कायमची.
मग माझीच झिजलेली चावी घालून फिरवली.
इंजिनानं आतल्या आत विचारलं,
आतल्या आत उत्तर मिळालं,
आणि ते लागलं.
पत्रा थरथरला. फळीवरचे नटांचे डबे
कडेकडे सरकू लागले,
इद्वाल हसायचं सोडून त्यांच्याखाली हात धरून उभा.

आता रोज पहाटे मी ह्याच गाडीनं डेपोत जाते,
शाळेची बस काढायला.
गाडी जुनी ना? विचारतं कुणी. हो, म्हणते.
थंडीत हीटर लावला की पहिली दोन मिनिटं
कधीकधी पावाचा वास येतो.
मनाचे खेळ, म्हणतो इद्वाल,
आणि स्वतः खोल श्वास घेतो.

पट्टी आरशाला अडकवली आहे.
क्लच हळू सोडते.