बिल्ला नंबर एकेचाळीस

राउमाच्या थिएटरात मी कोट सांभाळते.
एकोणीस हिवाळे झाले.
सिनेमे मी पाहत नाही, ऐकते,
भिंतीपलीकडून, शेजारच्यांचं भांडण ऐकावं तसे:
शब्द नाहीत, नुसता चढउतार.

मारामारीचा असला की लोक खांदे उडवत येतात,
बिल्ले टेबलावर टाकतात, पितळ खणखणतं.
विनोदी असला की एकमेकांच्या बाह्यांत हात घालतात, चुकून, मुद्दाम.
आणि या फेब्रुवारीत तो आला, बसवाल्याचा.

त्यात काही घडत नाही, म्हणाली तिकिटं फाडणारी मिर्या.
एक बस-ड्रायव्हर. शेवटच्या थांब्यावर एक बाई राहते.
ती रोज चढते. तो रोज तिकीट देतो.
आणि?
आणि नऊ वर्षं.
मिर्यानं नाक पुसलं. सर्दी आहे, म्हणाली.

भिंतीतून माझ्यापर्यंत एवढंच यायचं:
शेवटी बस उभी, इंजिन चालू.
वेळापत्रकातली तीन मिनिटं.
संगीतसुद्धा नाही, पैसे वाचवले मेल्यांनी.
तीन मिनिटं नुसती घरघर,
मग गिअर पडल्याचा आवाज,
आणि अख्ख्या हॉलमध्ये कुणी खोकत नाही.
फेब्रुवारीत. राउमात.

मग दार उघडायचं, पण लोक यायचे नाहीत.
यायचे ते एकेकटे,
जोडीनं आलेलेसुद्धा.

बंदरावरचा क्रेनवाला ओस्मो,
बापाला पुरताना ज्यानं स्वतः फावडं मारलं, डोळा ओला न करता,
तो माझ्यासमोर एक्याण्णव नंबर मागत उभा राहिला.
आमच्याकडे खुंट्याच साठ.
मी त्याच्या बोटांतला बिल्ला सुलटा केला: सोळा.
हो, म्हणाला, सोळा,
जणू मी त्याला त्याचं वय सांगितलं.

कोस्केला नवरा-बायको
बाजारातही चार पावलं मागेपुढे चालतात.
त्यानं तिचा कोट घेतला आणि उघडून धरला.
तिला बाही सापडेना.
सवय मोडलेली. हात अस्तरात चाचपडत राहिला,
रांग खोळंबली.
तो घाई कर म्हणाला नाही.
एवढंच. मी काही त्यांच्या घरी गेले नाही.

आणि त्या रात्री एकेचाळीस नंबरचा कोट तसाच राहिला.
करडा, लोकरी, एक बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं,
टाके ओबडधोबड, एकट्या माणसाचे.
बाहेर उणे चौदा.
माझ्या गावातून कुणीतरी
नुसत्या सदऱ्यावर चालत घरी गेलं
आणि त्याला थंडी कळली नाही.

सकाळी आले ते होल्मरोस,
शाळेत भूगोल शिकवायचे.
विसरलो, म्हणाले.
मी विचारणार नव्हते. विचारलंच:
एवढं काय आहे हो त्यात?
त्यांनी बटणं लावली, खालून वर,
निळ्या दोऱ्याच्या बटणापाशी थांबले.
बस वेळेवर सुटते, म्हणाले.

आता माझं.
साठावी खुंटी मी कुणाला देत नाही.
गर्दी असली तरी कोट टेबलावर घडी घालून ठेवते,
लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.
एकोणीस वर्षांपूर्वी एकानं
पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितलं होतं,
आणि मी म्हटलं होतं, या की,
जसं कुणालाही म्हणतात.

रविवारी शेवटचा खेळ. एकोणसाठ भरले.
उशिरा एक पोरगा आला, दाढी नीट न फुटलेला,
जाकिटावरून बर्फ गळत होतं, हातात दोन तिकिटं,
सोबत कुणी नाही.
मी त्याला साठ नंबरचा बिल्ला दिला.
पितळ अजून नवं होतं, त्याच्या हातात चमकलं.

मग खोलीला कुलूप लावून आत गेले,
शेवटच्या तीन मिनिटांपुरती,
उभीच, भिंतीला पाठ लावून.
घरघर ओळखीची होती.
रस्ता, बर्फ, खांबावरचा दिवा, सगळं मी मनात लावलं होतं तसंच.
फक्त बसचं पुढचं दार
त्यानं तीनही मिनिटं उघडं ठेवलं होतं.

हे भिंतीतून ऐकू येत नव्हतं.