नमुना क्रमांक चार

केतकीने चार ग्लास मांडले, फॉर्म दिला, पेन्सिल दिली.
रंग, वास, चव, अंग, मागे काय उरतं.
पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण.
म्हटलं, वासाचं मला सोड,
ते नाक कंपनीतच जमा आहे.

एकतीस वर्षं, रबाळ्याला, याच रस्त्यावर
रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचो.
चिंधी उजेडाकडे धरायची, खिडकी उत्तरेची हवी,
दिवे लागल्यावर कुणाला शब्द द्यायचा नाही.
मागचा नाला मंगळवारी लाल वाहायचा.
घरी फणस कापला की शेजारी आधी यायचे,
मला ताट वाढल्यावर कळायचं.

म्हणून चौथा ग्लास घेऊन गाळ्याच्या दारात गेलो.
पहिल्या नजरेला काळं.
पण नुसतं 'काळं' म्हणणारा माणूस
आमच्याकडे दोन दिवस टिकला नसता.
ग्लास कलता केला. कडेला तांबूस,
कातात चुन्याचं बोट फिरवल्यावर येतो तसा,
आत जांभळाची साल,
आणि फेस पांढरा नव्हेच,
धुतलेल्या गोणपाटाचा.
रंग: नऊ.

मग घोट.
बाकीचे तिघे भराभर लिहीत होते,
कॉफी, मनुका, जुनं लाकूड.
एकाने 'ओली माती' लिहून खोडलं.
माझ्या जिभेवर दोनच माणसं.
कडू आधी बोललं,
गोड अजून दाराशी चपला काढत होतं,
आत आलं ते मात्र बसूनच राहिलं.

केतकी सांगत होती,
नाचणीसारखेच बार्लीलाही मोड आणायचे,
वाळवायची, भाजायची;
या खेपेला मिनिटभर जास्त भाजली गेली.
सांगताना ग्लासाकडे बघत नव्हती.

चव: सहा. खोडून सात.
अंग म्हणजे काय ते कळेना,
लिहिलं, सायीखालचं दूध.
वास: सरळ रेघ.
मागे काय उरतं,
इथे पेन्सिल थांबली,

कारण गिळून झाल्यावर, घशाच्या वर, नाकाच्या मागे
काहीतरी करपलेलं हललं.
तव्यावर विसरलेल्या भाकरीची कड असेल,
किंवा भाकरी आठवली एवढंच.
परत एक घोट. नाही.
परत एक.

रेघ खोडली नाही.
तिच्या टोकाशी बारीक अक्षरात अर्धा गुण लिहिला.

"काका, हा अर्धा कसला?"
म्हटलं, थांब जरा.
ओल्या कापडावरून शेड ठरवत नाहीत.