निर्णायक मत

भुसावळला गाडी साडेचार तास लेट,
म्हणून हे घडलं. एरवी इथे
केळीच्या वेफर्सपलीकडे कोण उतरतं?

रेल्वे वसाहतीतलं चर्च काळ्या दगडाचं, दाराला कुलूप.
किल्ली शालोमीबाई तायड्यांकडे,
त्या कडुनिंबाखाली लसूण सोलत बसलेल्या.
'अठीच थांबा,' म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत उठल्या.

आत गारवा. शेवटच्या बाकावर कुणीतरी
चाकूनं कोरलेलं इंजिन,
धुरासकट.
भिंतीवर पितळी पाटी: एका ड्रायव्हरची मुलगी,
वय अकरा महिने, पटकी.
नाव लागलं नाही. तेवढंच पितळ
गुळगुळीत झालेलं.
'मीच घासते दर शनिवारी,' बाई म्हणाल्या,
आणि जरा ओशाळल्या.

मग म्हणाल्या, 'अध्यक्षांचं घर पाह्यता?'
मला वाटलं, राष्ट्राध्यक्ष वगैरे.
'नाही वं माय, नगरपालिकेचे. माजी.'
त्याच जुडग्यात दुसरी किल्ली होती.

दोन खोल्या, एक ओसरी.
काचेखाली चष्मा, अडकित्ता,
वर्तमानपत्र कोंबून उभा ठेवलेला फेटा.
कुणी बसू नये म्हणून खुर्चीला आडवी सुतळी,
आणि खुर्चीत मांजर.

भिंतीवर चौकटीत, तपकिरी पडलेल्या शाईत:
ठराव क्रमांक एकेचाळीस.
गोऱ्या लोकांच्या दफनभूमीस तारेचे कुंपण करणे.
बाजूने पाच, विरुद्ध पाच.
अध्यक्षांचे निर्णायक मत: बाजूने.

गोरे तर तेव्हा निघूनही गेले होते. मी विचारलं, कशासाठी?
'गुरं शिरायची तठी,' बाई म्हणाल्या.
जणू एवढं पुरे.
पुढच्या निवडणुकीत ते पडले;
हे कुठल्याच पाटीवर नाही,
हेही त्यांनीच सांगितलं, मांजराला खाली उतरवताना.

'कुंपण आहे अजून?'
'तार गेली चोरीला. खांब आहेत.
लोकं गोधड्या वाळत घालतात.'

वहीत माझ्या आधीची सही गेल्या पोळ्याची.
अभिप्रायाच्या रकान्यात मी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
शेवटी नुसतं गावाचं नाव लिहिलं.
'पाच रुपये द्या, अध्यक्षांचे.
देवाचं तिकीट नाही.'

बाहेर ऊन असं, की रूळ पाहवेनात.
गाडी आली, जागा मिळाली, वेफर्स फोडले.
नाशिक मागे पडलं तरी ठरेना,
त्या सभेत मी असते
तर कुठल्या पाचांत.