कारण, पाचशे शब्दांत

फॉर्मवर रकाना आहे: पूर्वीची पदवी.
लिहिलं: बी.एस्सी., संख्याशास्त्र, बार्शी,
प्रथम वर्ग. डिस्टिंक्शन चार गुणांनी हुकलं
ते लिहायला जागा नाही.
पुढचा रकाना: आता नर्सिंगच का?
शब्दमर्यादा पाचशे.

रात्रीचे पावणेदोन. सोहारातला हा एसी
गाभण म्हशीसारखा सुस्कारे टाकतोय.
खाली कुणी मासळीची पिकअप धुतंय,
खारट वास जिन्यापर्यंत.

पंधरा महिन्यांचा कोर्स आहे,
ज्यांचं एकदा शिकून झालंय त्यांच्यासाठी.
चार वर्षांचं दूध आटवून
वाटीभर केलेलं, बुडाला लागू न देता.
शरीररचना हवी, सूक्ष्मजीवशास्त्र हवं, मानसशास्त्र हवं.
केलं, ऑनलाइन, एक ते चार
क्लिनिकचं शटर खाली असतं तेव्हा,
मनगटाच्या आठ हाडांची नावं
टिफिनच्या झाकणाला चिकटवून.
संख्याशास्त्रही हवं होतं. तेवढं एक होतं.

गुणपत्रकं सीलबंद लागतात.
दत्तू तीनदा सोलापूरला जाऊन आला.
साहेब जेवायला गेलेत.
साहेब अजून जेवायला गेलेत.
चौथ्यांदा साहेब जेवून बसले होते
तर शिक्क्याची शाई वाळलेली.
आई फोनवर: एक पदवी पचली नाही का गं?
एकतिसाव्या वर्षी सुया टोचायला शिकतं का कुणी?
तेहेतिसाव्या. मी बोलले नाही.

सहा वर्षं मी विम्याच्या टेबलावर बसते.
आजार मला आकड्यांनी ओळखतात.
मंजूर. नामंजूर. कागद अपुरे.
शंभरातले सतरा परत जातात माझ्या हातून,
कंपनीला हे प्रमाण आवडतं.

पहिला मसुदा: लहानपणापासून मला सेवेची ओढ.
खोडला. लहानपणी मला पाढ्यांची ओढ होती.
दुसऱ्यात आत्याला अंथरुणाला खिळवलं.
आत्या ठणठणीत आहे,
परवाच अष्टविनायक करून आली.
खोडला, आणि मनातल्या मनात तिच्या पाया पडले.

खरं आहे ते इतकंच:
मोफिजुल, बंदरावरचा वेल्डर,
साखरेनं चिघळलेला पाय.
मी शेरा मारला, आजार पूर्वीपासूनचा.
तो गेला नाही. बाकावर बसून राहिला
एक बूट मांडीवर घेऊन,
देवळाबाहेर दुसऱ्याच्या चपला राखावेत तसा.
शायनी सिस्टर आली. मंजुरी आली का
विचारलं नाही. मला म्हणाली, जरा ट्रे धर.

धरला.
आकड्याला वास असतो.
जखम आतून बाहेर पुसायची असते,
एक बोळा एकदाच.
माझा हात हलला तर ट्रे वाजला,
आणि मोफिजुल, ज्याचा पाय होता तो,
मला म्हणाला, हो जायेगा मॅडम.

हे लिहावं? समिती म्हणेल,
ही बाई अर्ज करतेय की कबुली देतेय?
लिहिलं. त्याचं नाव बदललं.
शेरा बदलला नाही, खालची सहीही नाही.
चारशे एकोणनव्वद झाले.
अकरा शब्द उरले, ते तसेच राहू दिले
पाकिटात उरलेल्या बैशांसारखे.

बटण दाबलं. पडद्यावर आलं: अर्ज मिळाला.
निवडीबद्दल काही नाही, बसण्याबद्दल नाही,
फी कुठून आणणार ते तर कुणी विचारलंच नाही.

फजरची अजान झाली. नवरा कुशीवर वळला,
त्याचं मनगट माझ्या हाताशी आलं
म्हणून मोजले ठोके. चौसष्ट.
पुन्हा मोजले. अडुसष्ट.
दोन मोजण्यांवर विश्वास ठेवू नये
हे पहिल्याच पदवीत शिकलेय.
घड्याळाचा काटा बारावर येईपर्यंत थांबले,
आणि तिसऱ्यांदा बोटं ठेवली.